पाळी जायच्या वयात अंगातून वाफा येतात, घामाने डबडबायला होतं. तुम्ही कसं निभावलंत?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय ४८, पाळी आठ महिन्यांपासून मागेपुढे होतेय, दिवसातून सात-आठ वेळा छातीपासून वाफ वर चढते, रात्री गाऊन बदलावा लागतो, ऑफिसात लाज वाटते. आणि हार्मोनच्या गोळ्यांची भीती वाटते, म्हणून घरगुती काही असेल तर सांगा.

मी डॉक्टर नाही. डोंबिवलीत राहते, एका पतसंस्थेत कॅशियर आहे, वय ५४. दोन वर्षं सगळं अंगावर काढलं आणि मग शहाणी झाले, एवढीच माझी पात्रता.

नोटा उडतात म्हणून आमच्या कॅशच्या पिंजऱ्यातला पंखा कायम बंद. एसी आहे, पण तो बाहेर, ग्राहकांच्या डोक्यावर. एकदा दहा तारखेला आरडी भरणाऱ्यांची रांग लागलेली आणि मी शंभराचं बंडल मोजत होते. सत्तावन्न, अठ्ठावन्न... आणि कानशिलं तापली. मग मान, चेहरा, पार टाळूपर्यंत. हनुवटीवरून एक थेंब टपकन समोरच्या स्लिपवर पडला, तोही नेमका सहीवर. निळी शाई पसरली. पलीकडचे आजोबा म्हणाले, "मॅडम, बरं नाही का? बीपी तपासून घ्या." आकडा विसरले, बंडल पुन्हा पहिल्यापासून. तीन-चार मिनिटांत घाम निवला आणि त्याच कोंदट पिंजऱ्यात मला हुडहुडी भरली. ही शेवटची थंडी कुणी सांगितलेली नसते. मला वाटलं, मलेरियाच झाला.

नंतर एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी समजावलं तेव्हा उलगडा झाला. आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तो शरीराचं तापमान सांभाळतो, इस्त्रीतल्या थर्मोस्टॅटसारखा. एरवी तापमान थोडंफार वरखाली झालं तर तो दुर्लक्ष करतो. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी व्हायला लागलं की त्याची ही सहनशक्ती जवळजवळ संपते. घोटभर गरम चहा, गॅससमोर दोन पोळ्या, साहेबांचा फोन, एवढ्यानेही त्याला वाटतं की शरीर तापलंय. मग तो कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल करतो (म्हणून चेहरा लाल), घाम सोडतो, आणि जरुरीपेक्षा जास्त गार करून बसतो. म्हणून हुडहुडी. म्हणजे 'उष्णता वाढली' असं आपण म्हणतो ते अर्धंच खरं. उष्णता फारशी वाढलेली नसते, मोजणारा हळवा झालेला असतो.

पण हे सगळं मला दोन वर्षांनी कळलं, कारण आमच्या फॅमिली डॉक्टरांनी पहिल्याच वेळी "वयाचं आहे, चालायचंच" म्हणून बी-कॉम्प्लेक्स लिहून वाटेला लावलं होतं. मीही मुकाट्याने निघाले. तुम्ही असं करू नका. घाम येतो म्हणजे पाळीच जातेय असं नसतं. माझ्या मामेबहिणीला सगळ्यांनी हेच सांगितलं. तिचं वजन उतरत होतं, हात थरथरत होते, आणि निघाला थायरॉइड, तोही जास्त चालणारा. म्हणून थायरॉइडची टीएसएच तपासणी, हिमोग्लोबिन, साखर आणि बीपी एकदा बघून घ्याच. रात्री अंथरूण भिजतंय, सोबत संध्याकाळचा कणकण ताप, खोकला, वजन कमी असेल तर आपल्याकडे टीबीची तपासणी आधी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि पहाटे दरदरून घाम, थरथर होत असेल तर तेव्हाच ग्लुकोमीटरवर साखर बघा, ती उतरलेली असू शकते. आणि छातीत दडपण, श्वास लागतोय, गार घाम येतोय, ही पाळीची वाफ (डॉक्टर तिला हॉट फ्लश म्हणतात) नव्हे. रिक्षा करा आणि हॉस्पिटल गाठा.

आणखी एक, कुणी बोलत नाही म्हणून सांगते. पाळी मागेपुढे होतेय म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही. सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. पण पन्नाशीच्या आत शेवटची पाळी झाली असेल तर काळजी दोन वर्षं घ्यायची, पन्नाशीनंतर एक वर्ष. उलट, वर्षभर काही नसताना पुन्हा डाग जरी दिसला तरी "राहिलेलं असेल" म्हणून सोडून द्यायचं नाही, दाखवायचं.

आता उपाय. सगळ्यात आधी मी काय केलं तर कालनिर्णयवर, जिथे दुधाचे खाडे लिहितो त्याच चौकटीत, रोज एक आकडा लिहायला लागले. दिवसातले किती, रात्रीचे किती. ८-३. ९-२. ज्या दिवशी काही विशेष असेल त्याचं एक अक्षर: 'च' म्हणजे चहा, 'भ' म्हणजे भांडण. नवऱ्याला वाटलं दूधवाल्याचा हिशोब चुकतोय. पंधरा दिवसांत दिसलं की ऑफिसातला साडेअकराचा उकळता चहा आणि गर्दीची लोकल या दोन्ही गोष्टींनंतर हमखास व्हायचं. तिखटाचं मात्र माझ्या बाबतीत काही खरं नव्हतं, ठेचा खाऊनही मी मस्त. तुमचं वेगळं निघेल. तो कागद डॉक्टरांपुढे ठेवला तेव्हा पहिल्यांदा कुणी माझं नीट ऐकलं. "खूप होतं हो" म्हटलं की ऐकणारा मान हलवतो. "रोज नऊ, रात्री तीन, चार आठवडे" म्हटलं की पेन उचलतो.

घरगुती विचारलंत तर खरं सांगते. वाळ्याचं पाणी, सब्जा, कोकम सरबत, गुलकंद, धने-जिऱ्याचं पाणी सगळं केलं. चांगलं लागतं, पोटाला बरं, उन्हाळ्यात तर हवंच. पण आकडा नऊचा आठसुद्धा झाला नाही. जावेने शतावरी कल्प दिला. तिला त्याने बरं वाटतं, मला दुधाला गोडी येण्यापलीकडे काही झालं नाही. (डब्यावर बघा, कल्पात भरपूर साखर असते. मधुमेह असेल तर जपून.) सोयाबीनने काहींना थोडा फरक पडतो म्हणतात, अभ्यासांत त्याचा ठोस पुरावा नाही. दीर्घ श्वसनाचंही तेच. त्याने वाफ थांबत नाही, पण वाफ येताना जी धडधड आणि 'आता सगळे बघतायत' अशी घालमेल होते ती उतरते. म्हणून मी ते सोडलं नाही. वजन मात्र मोजण्याइतका फरक करतं. पाच किलो उतरले तेव्हा रात्रीचं एक कमी झालं.

खरा उपयोग झाला तो कपड्यांचा आणि अंथरुणाचा. ऑनलाइन 'प्युअर कॉटन' म्हणून येणाऱ्या काही कुर्त्यांमध्ये पॉलिस्टर मिसळलेलं असतं. आतली शिवण चुरगाळून बघा, लगेच सरळ झाली तर परत पाठवा. ब्लाउजला अस्तर नको. पर्समध्ये रुमाल नव्हे, पंचा. जुना, चार वेळा धुतलेला, पातळ, चार तुकडे करून. टर्किशच्या नॅपकिनपेक्षा तो लवकर टिपतो आणि लोकलच्या खिडकीत दोन स्टेशनांत वाळतो.

रात्रीचं असं. उशीवर एक पंचा, उशाशी घडी करून ठेवलेला दुसरा गाऊन, हाताच्या अंतरावर पाण्याची बाटली. दिवा लावायचा नाही. मी आधी उठून लाइट लावून कपाट उघडायची, आणि मग तास-दीड तास झोप यायची नाही. आता अंधारातच गाऊन बदलते, ओला खाली टाकते, उशी उलटी करते आणि पडते. आमच्याकडे पंख्याचं रेग्युलेटर हा वर्षभर युद्धाचा विषय होता. मी पाचवर, ते दोनवर. शेवटी दोघांची पांघरुणं वेगळी केली. ते मे महिन्यातही गोधडी घेऊन झोपतात, पंखा पाचवर. पाहुण्यांना वाटतं आमचं बिनसलंय.

घामाने जांघेत, छातीखाली, परकराच्या नाडीच्या रेषेत खाज सुटते, त्याबद्दल दोन शब्द. मेडिकलवाल्याकडून "खाजेचं क्रीम द्या" म्हणून आणू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवस थंड वाटतं आणि नायटा दुप्पट पसरतो. मी तीन महिने हे भोगलंय. जागा कोरडी ठेवा, पावडरचे थर देऊ नका, आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. काखेतल्या घामाला नुसत्या वासाचा डिओ नको, घाम रोखणारा घ्या, तोही रात्री कोरड्या काखेत लावा.

आता गोळ्यांची भीती. ती तुमच्या-माझ्या मनात आली कुठून? २००२ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला गेला. त्यात १६,००० हून अधिक स्त्रिया होत्या आणि इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची गोळी घेणाऱ्यांत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. बातमी जगभर गेली आणि डॉक्टरही लिहायला कचरू लागले. बातमीच्या गोंधळात मागे पडलेलं असं, की त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, आणि वाढ होती ती वर्षाला १०,००० जणींमागे ८ जणींची. पुढे आकडे वयानुसार तपासले गेले. आज सर्वसाधारण मत असं की वय साठच्या आत आहे, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायचीत, आणि स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गाठी, हृदयविकार, पक्षाघात, यकृताचा आजार, कारण न कळलेला रक्तस्राव यांपैकी काही नाही, तर त्रास फार असणाऱ्या बाईला हार्मोनचा फायदा तोट्यापेक्षा जास्त. वाफांवर त्याइतकं चालणारं दुसरं काही नाही. त्यांची संख्या साधारण तीन चतुर्थांशाने कमी होते. गर्भाशय असेल तर नुसतं इस्ट्रोजेन घेत नाहीत, सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर गर्भाशयाचं अस्तर वाढतं. कातडीवर लावायचं जेल किंवा पॅच यांत रक्ताच्या गाठींचा धोका गोळीपेक्षा कमी. माझ्या मैत्रिणीचं गर्भाशय आणि अंडाशय दोन्ही ४२ व्या वर्षी काढली. तिला ऑपरेशननंतर आठवड्यातच वाफा सुरू झाल्या, माझ्यापेक्षा कितीतरी जोरात. ती जेल लावते. दोन महिन्यांत माणसात आली.

मी हार्मोन घेतलं नाही. मावशीला स्तनाचा कर्करोग झाला होता. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी सांगितलं की एवढ्यावरून हार्मोन बंदच असं नाही, पण माझं मन तयार होईना. त्यांनी जबरदस्ती केली नाही, व्हेन्लाफॅक्सिन कमी मात्रेत दिलं. हे मुळात नैराश्याचं औषध. चिठ्ठी बघून केमिस्टने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात गेले. पहिला आठवडा मळमळ. तिसऱ्या आठवड्यात कालनिर्णयवर ४-१. हे औषध मनाने एकदम बंद करायचं नाही, चक्कर येते. मात्रा हळूहळू उतरवतात. रात्रीचाच त्रास जास्त असेल तर गॅबापेंटिन देतात. आणि तुमच्यापैकी कुणी कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण वाफांसाठी देतात त्यातलं पॅरोक्सेटिन नावाचं औषध त्याच्या कामात आडवं येतं.

ऑफिसची लाज. आमचे मॅनेजर ३२ वर्षांचे, लग्न व्हायचंय. एक दिवस सरळ केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "सर, मला मेनोपॉजचा त्रास आहे. आठवड्यातून तीन दिवस मला बाहेरचं काउंटर द्या, नाहीतर पिंजऱ्यात एसीची हवा येईल अशी जाळी करून द्या." माझ्यापेक्षा तेच जास्त लाल झाले. घाम पण त्यांनाच आला. सोमवारी इलेक्ट्रिशियन हजर.

हे किती वर्षं चालेल असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. कुणाला वर्षभर, कुणाला दहा वर्षं. माझं सातवं चालू आहे, आता आठवड्याला दोन-तीन.

गेल्या दिवाळीत मिरजेला गेले होते. आई ७९ वर्षांची आहे. आमच्या लहानपणी ती दुपारी सगळ्यांची जेवणं झाली की पदर बाजूला सारून उघड्या शहाबादी फरशीवर उताणी पडायची, अगदी थंडीतसुद्धा. आम्ही पोरं चिडवायचो, आईला गादी चावते. भाऊबीजेच्या रात्री मला तिच्यासमोरच वाफ आली, मी पंचाने मान पुसत होते. विचारलं, "आई, तुला व्हायचं का गं असं?"

"व्हायचं की," ती म्हणाली. "माठाखालची फरशी जास्त गार असायची. म्हणून तिथंच पडायचे."