माझ्या भावाला एमडीआर टीबी (नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा) निघालाय. त्याचा सहा महिन्यांचा नवा कोर्स खरंच चालतो का? खाजगीत किती खर्च येईल?

चालतो. पण तुम्ही पुढे लिहिलंय ना, 'घरचे म्हणतात एवढा चिवट टीबी नुसत्या गोळ्यांनी कसा जाईल, इंजेक्शनं हवीतच', ते वाचून डोकं फिरलं. आमचे मोठे काका अजूनही हेच बोलतात.

ताईला एमडीआर निघाला 2015 साली. तेव्हाचा कोर्स दोन वर्षांचा आणि सुरुवातीचे कित्येक महिने कानामायसिनची इंजेक्शनं. टोचून टोचून कमरेखाली दोन्ही बाजूंना गाठी आल्या होत्या. एसटीत बसताना ती चादरीची घडी खाली घ्यायची. मग कानात शिट्टी वाजायला लागली. केंद्रावर सांगितलं तर उत्तर काय, 'अशक्तपणा आहे, होतं असं.' कान तपासायला कुणी पाठवलंच नाही. हे औषध आधी बारीक, उंच आवाज खातं, बोलणं मागाहून जातं. त्यामुळे ताईला मोबाइलची रिंग ऐकू येईना तेव्हा सासरचे म्हणायचे, मुद्दाम उचलत नाही. समोरच्याचं बोलणं कळेनासं झालं तोवर सगळं हाताबाहेर गेलं होतं. असे गेलेले कान परत येत नाहीत. आता ती ओठ बघून समजून घेते. कोरोनात जो तो मास्क लावून फिरायला लागला, तेव्हा वाण्यालासुद्धा पैसे किती झाले ते पाकिटावर लिहून दाखवावं लागायचं.

यावर काकांचं ठरलेलं: 'कान गेले, पण त्या इंजेक्शनांनीच पोरीचा जीव वाचला.' साफ खोटं आहे हे. ढीगभर देशांतल्या रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासल्या, तर कानामायसिन घेतलेल्यांमध्ये उपचार फसण्याचं आणि आजार उलटण्याचं प्रमाण उलट जास्त निघालं. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते वापरू नका असं सांगितलं. ताई उठली ती गोळ्यांमुळे आणि स्वतःच्या चिकाटीने, असं मी तरी मानतो. सुई टोचली की औषध जास्त लागू पडतं, हा आपल्याकडचा जुना आजार आहे.

आता तुमच्या भावाचं. बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन, अशा चार औषधांच्या गोळ्या, 26 आठवडे. 2022 च्या मोठ्या चाचणीत यावर 89 टक्के रुग्णांचा निकाल चांगला आला, जुन्या पद्धतीच्या कोर्सवर 52 टक्के. आपल्या केंद्र सरकारने सप्टेंबर 2024 मध्ये याला मान्यता दिली. खाजगीत कशाला जाताय? जिल्हा क्षयरोग केंद्रात फुकट आहे, वर खुराकासाठी महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात.

बेडाक्विलिन स्वस्त व्हायची वाट मोकळी झाली, त्यात मुंबईची नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले यांचा वाटा आहे. टीबीच्या औषधांनीच दोघींचे कान घेतले होते. बेडाक्विलिन बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनला त्यावरचं पेटंट, म्हणजे दुसऱ्या कुणाला ते बनवू न देण्याचा हक्क, 2027 पर्यंत लांबवायचं होतं, या दोघींनी हरकत घेतली आणि मार्च 2023 मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. ताईने ती बातमी कापून काकांच्या टेबलावर ठेवली होती. काकांनी त्यावर चहाचा कप ठेवला.

हां, हे सगळं मुख्यतः फुप्फुसाच्या टीबीचं. मेंदूचा किंवा हाडांचा असेल, रुग्ण 14 वर्षांखालचा असेल किंवा बाई गरोदर असेल, तर कोर्स वेगळा. गोळ्याही निरुपद्रवी नाहीत. लिनेझोलिडने पायाला मुंग्या येतात, रक्त कमी होतं, नजरही अधू होऊ शकते. बेडाक्विलिन चालू असताना ईसीजी काढत राहावा लागतो. भाऊ म्हणाला अंधूक दिसतंय, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. 'अशक्तपणा आहे' असं उत्तर आलं तर तिथून हलू नका, डोळे तपासायची चिठ्ठी लिहून घ्या.