दोन गुण उतरले, म्हणजे काय झालं?

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला एसएमए टाइप २, म्हणजे स्नायू दुबळे होत जाण्याचा जनुकीय आजार आहे. बसतो, पण चालत नाही. हॅमरस्मिथ चाचणीत मुलाकडून ठरावीक हालचाली करून घेऊन गुण देतात. सहा महिन्यांपूर्वी तीत त्याला २४ गुण होते, या वेळी २२. नुसता आकडा सांगून आम्हाला घरी पाठवलं. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी त्याच कृतींचा सराव घेते. बरोबर आहे ना?

उत्तर : ताई, हा सराव आजपासून बंद करा. स्नायू ताणण्याचे (स्ट्रेचिंगचे) नेहमीचे व्यायाम चालू राहू द्यात. घोटून घेतलेल्या कृतीला गुण मिळतीलही, पण त्यातून स्नायूंचं खरं बळ आम्हाला कळणार नाही, आणि लेकरू उगाच दमेल.

मी गेली अठरा वर्षं या मुलांची फिजिओथेरपी करते. हॅमरस्मिथ चाचणीच्या विस्तारित रूपात ३३ कृती असतात, प्रत्येकीला ०, १ किंवा २, एकूण ६६. ‘दोन्ही हात डोक्यावर ने’ हीच कृती घ्या. मान ताठ आणि दोन्ही हात एकदम, मोकळे वर गेले तर २. डोकं खाली हातांकडे आणलं, किंवा बोटं गालावरून, कानावरून सरपटत वर चढली, तर १. आईला वाटतं, पोचला की! मला मात्र त्या सरपटणाऱ्या बोटांत खांदा किती थकलाय ते दिसतं.

साधारणपणे तीन किंवा त्याहून जास्त गुणांचा फरक पडला तर आम्ही तो खरा बदल धरतो. दोन गुण अपुऱ्या झोपेनं, नुकत्याच येऊन गेलेल्या तापानं, तपासणारा माणूस बदलला म्हणूनही जातात. त्यामुळे घाबरू नका. पण सोडूनही देऊ नका.

प्रत्येक कृतीचे गुण लिहिलेला कागद मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. कूस बदलणं, पालथं झोपून कोपरांवर उठणं अशा ठिकाणी गुण गेले असतील, तर नितंब-गुडघ्यांचे सांधे आखडलेत का, पाठीचा कणा वाकतोय का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. उंची झपाट्यानं वाढते तेव्हा हे बऱ्याचदा होतं. हातांसाठी आरयूएलएम नावाची वेगळी चाचणी आहे, तीही करून घ्या. पुढची चाचणी शक्यतो त्याच थेरपिस्टकडे, दिवसाच्या त्याच वेळी ठेवा.

आणि एक वही घाला. रात्री कूस बदलायला तो तुम्हाला किती वेळा हाक मारतो, भरलेला पेला स्वतः तोंडापर्यंत नेतो का, एवढंच लिहा. पुढच्या भेटीत गुणांच्या आधी मी ती वही मागितली असती.