सिम बदललं की जाहिराती थांबतील का?

प्रश्न : ताई, मध्ये राम मारुती रोडवर एका दुकानात मिक्सर बघितला, घेतला नाही, पण काउंटरवर मोबाइल नंबर मागितला तो देऊन आले. घरी येऊन एका अ‍ॅपवर किंमत बघितली आणि तेव्हापासून बातम्या उघडा नाहीतर मुलाचा गेम उघडा, मिक्सरच मिक्सर. इन्कॉग्निटो करून झालं. भाऊ म्हणतो नवीन सिम घे. घेऊ का?
– एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : अहो, सिमचे पैसे वाचवा. फोनमध्ये खास जाहिरातींसाठी एक आयडी असतो, अक्षरं आणि आकडे मिळून ३२, आणि सिम बदललं तरी तो तसाच राहतो. किमतीचं अ‍ॅप, बातम्यांचं अ‍ॅप आणि गेम यांचा एकमेकांशी संबंध नसेना का, तिघांत एकाच जाहिरात कंपनीचा कोड असला की तिघंही तिला तोच आयडी कळवतात, मग मिक्सर बघणारा आणि गेम खेळणारा फोन एकच हे तिकडे आपोआप कळतं, तुमचं नावही लागत नाही. इन्कॉग्निटो फक्त ब्राउझरपुरता, अ‍ॅप्सना त्याचं काही पडलेलं नाही.

अँड्रॉइड १२ किंवा त्यापुढचं असेल तर सेटिंग्जमध्ये गूगल, त्यात अ‍ॅड्स, तिथे अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी डिलीट करा. नंतर कुठल्या अ‍ॅपने मागितला तर त्याला नुसती शून्यं मिळतात. आयफोनवर एप्रिल २०२१ पासून अ‍ॅपला आधी विचारावं लागतं, तिथे सरळ नाही म्हणा. जाहिराती येतच राहतील हं, फक्त मिक्सर तुमच्या मागे मागे फिरणं कमी होईल.

पण खरी गोम तुम्ही काउंटरवर दिलेल्या नंबरात आहे. दुकानं गिऱ्हाइकांच्या नंबरांची यादी जाहिरातवाल्या प्लॅटफॉर्मवर चढवू शकतात आणि त्याच नंबरावर तुमचं तिथे अकाउंट असेल तर जोडी जुळते. नंबर हॅश करून म्हणजे गुंतवळ करून पाठवतो असं सांगतात, पण एकाच नंबराची गुंतवळ दर वेळी सारखीच येते, म्हणून तर जुळते ना! आयडी एका मिनिटात उडवता येतो, नंबर मात्र बँकेत, आधारला, गॅसला, मुलाच्या शाळेत दिलेला, तो कोण बदलत बसणार? बिल करताना गिऱ्हाइकाकडे नंबराचा हट्ट धरू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलंय. तेव्हा 'नंबर बोला मॅडम' आलं की 'कागदी बिल द्या' म्हणायचं, पॉइंट्स गेले तर गेले. आणि तुम्ही तर मिक्सर घेतलाच नव्हता, मग नंबर कशाला दिलात हो?