खडी उडून गाडीच्या समोरच्या काचेला टवका गेलाय; काच बदलू की भरून घेऊ?

उत्तर पूर्ण वाचण्याआधी एक काम करा. काचेवर जिथे खडा लागलाय, तिथे बाहेरून साधी पारदर्शक चिकटपट्टी लावा. काच कोरडी असताना लावा आणि लावण्याआधी ती जागा पाण्याने धुऊ नका. मग निवांत पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की गाडी दोन महिन्यांपूर्वीच घेतली. एरंडोलहून धुळ्याला जाताना पारोळ्याच्या पुढे खडीच्या डंपरमागून खडा उडाला आणि डाव्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढी चांदणी उमटली. एक गॅरेजवाला म्हणतो काच बदला, दुसरा म्हणतो फेविक्विक लावा, आणि घरचे म्हणतात एवढ्याशा खुणेला काय घाबरायचं. मी सावद्याचा. केळीच्या व्यापारामुळे सावदा, भुसावळ, जळगाव, धुळे, साक्री, नवापूर, सुरत हा रस्ता महिन्यातून दोन-तीनदा होतो. भुसावळपासून पुढे हाच तो जुना सहा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, आताचा ५३. या रस्त्यावर माझ्या दोन गाड्यांना मिळून तीन वेळा खडा लागला. एकदा काच बदलावी लागली आणि दोनदा भरून घेऊन वाचली. तुमच्या वर्णनावरून तुमची काच भरून वाचण्यासारखी आहे. फक्त हे काम या आठवड्यात व्हायला हवं, मे महिन्यात नाही.

बदललेल्या काचेचंच आधी सांगतो, कारण घरच्यांच्या म्हणण्याला तेच उत्तर आहे. एप्रिलमध्ये कोंडाईबारी घाटात पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा आला. खालच्या डाव्या कोपऱ्याजवळ तुमच्यापेक्षा लहान, हरभऱ्याएवढी खूण पडली. ढाब्यावर एका ड्रायव्हरला दाखवली, तो म्हणाला, ‘काही व्हत नही, भाऊ.’ मीही तसंच धरून चाललो. तीन आठवडे खूण होती तशीच राहिली. मग मे महिन्यात भुसावळला स्टेशनबाहेर दुपारी दोन तास गाडी उन्हात उभी होती. आत शिरलो तेव्हा स्टिअरिंगला हात लावणं मुश्कील झालं होतं. एसी पूर्ण जोरात लावला आणि हवा समोरच्या काचेवर वळवलेलीच राहिली होती. दोन मिनिटांत ‘टक्’ असा बारीक आवाज आला आणि त्या हरभऱ्यातून वीतभर चीर निघाली. जळगाव येईपर्यंत ती काचेच्या मध्यापर्यंत पोचली होती. खड्ड्यात गाडी आदळली की ती पुढे सरकलेली मला दिसत होती. शेजारी मुलगी बसली होती, ती सारखी विचारत होती, ‘बाबा, काच अंगावर पडेल का?’ काच पडणार नव्हती. पण तेव्हा मला ते खात्रीने सांगता आलं नाही, आणि ते आजही मनाला लागतं.

का पडणार नव्हती ते सांगतो. समोरची काच एक नसते, दोन असतात. साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचा आणि मधे पाऊण मिलिमीटरचा पॉलिव्हिनाइल ब्युटिरल नावाचा पारदर्शक, चिवट पडदा, असं ते सँडविच असतं. बाजूच्या खिडक्यांची काच सहसा वेगळी असते. ती कडक केलेली असल्याने फुटली की तिचे ज्वारीच्या लाह्यांसारखे तुकडे होतात आणि तिला दुरुस्ती नाही, ती बदलायचीच. समोरची मात्र तडकली तरी पडद्याला चिकटून राहते. ही कल्पना फ्रान्समधल्या एदुआर्द बेनेदिक्तुस यांना १९०३ मध्ये सुचली. प्रयोगशाळेत त्यांच्या हातून एक चंबू पडला, तडकला, पण विखुरला नाही. आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळून बसला होता आणि त्याने तुकडे धरून ठेवले होते.

आता तुमची चांदणी यातल्या कोणत्या थरात आहे ते बघा. आतल्या बाजूने नखाने खरवडून पाहा. आतून गुळगुळीत लागलं तर फक्त बाहेरची काच टिचली आहे आणि ती भरता येते. आतूनही नख अडकत असेल तर भरण्यात अर्थ नाही. मापासाठी दहा रुपयांचं नाणं खुणेवर धरा. ते २७ मिलिमीटरचं असतं. खूण त्याखाली झाकली गेली, तर कसलेला माणूस ती भरून देईल. टवक्यातून चीर निघाली असेल आणि ती बोटभर असेल, तरी बरेच जण भरतात. वितेच्या आसपास गेली की मी स्वतः बदलायलाच सांगेन. चीर काचेच्या कडेला पोचली असेल तर लांबी मोजतही बसू नका, कारण कडेला काचेत आधीच ताण असतो आणि तिथे चीर थांबत नाही.

आणखी एक गोष्ट म्हणजे खूण ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर आहे का. तुमची डावीकडे आहे, हे बरं. भरलेल्या जागी पुसटसा डाग कायम राहतो. दिवसा तो जाणवत नाही. पण रात्री समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा त्या डागावर पडला की प्रकाश फुटतो, आणि पावसात तर रस्ताच दिसेनासा होतो. खूण नेमकी डोळ्यांसमोर असती, तर लहान असूनही मी तुम्हाला काच बदलायला सांगितलं असतं.

आपल्याकडे घाई का करायची, तर ऊन. काच दाब भरपूर सोसते, ओढ सोसत नाही. जळगाव-भुसावळचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो आणि उन्हात उभ्या गाडीची काच त्याहून कितीतरी जास्त तापते. तिच्यावर आतून गार हवा सोडली की गार झालेला भाग आकसू पाहतो, भोवतालचा तापलेला भाग त्याला आकसू देत नाही, आणि ती सगळी ओढ टवक्याच्या टोकाशी येऊन बसते. ढाब्यावर गाडी थांबवून बोअरचं गार पाणी काचेवर मारायची आपल्याकडे सवय आहे, त्यानेही हेच होतं. धुळ्याच्या थंडीत पहाटे दव घालवायला काचेवर गरम पाणी ओतणं हाही त्यातलाच प्रकार. पाणी दुसरंही एक नुकसान करतं. त्याचे रेणू चिरेच्या टोकाशी काचेतले सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध तोडत राहतात, म्हणून ओली चीर कोरड्या चिरेपेक्षा लवकर वाढते. शिवाय आत धूळ आणि साबण गेला की मग टवक्यात भरलेलं रेझिन, म्हणजे भेग भरायचं पारदर्शक द्रव्य, नीट बसत नाही आणि डाग काळपट दिसतो. पहिल्याच ओळीत चिकटपट्टी सांगितली ती यासाठी.

तोवर गाडी सावलीत लावा, कडुनिंब मिळाला तर उत्तमच. उन्हातून गाडी काढताना आधी काचा खाली करून गरम हवा जाऊ द्या. मग एसी हळू लावा आणि हवा काचेवर नाही, अंगावर घ्या. सर्व्हिसिंगला प्रेशरच्या पाण्याने धुऊन घेऊ नका. दारंसुद्धा सगळ्या काचा बंद असताना जोरात आपटू नका.

फेविक्विकचं विचारलंत, तर मुळीच लावू नका. तो गोंद काचेचा टवका भरण्याच्या कामाचा नाही. वाळल्यावर तो कडक आणि ठिसूळ होतो, उन्हाने खराब होतो, आणि मुख्य म्हणजे एकदा आत बसला की खरं रेझिन जायला जागाच उरत नाही. कारागीर मग हात वर करतो.

खरं काम असं चालतं. कारागीर आधी सुईने टवक्यातली सुटी काचेची भुकटी काढतो. मग चोषकांवर उभं राहणारं एक छोटं यंत्र बरोबर खुणेवर बसवतो. त्यातून आधी आतली हवा ओढून घेतो, मग पातळ रेझिन दाबाने आत सोडतो, पुन्हा ओढतो, पुन्हा सोडतो. चांदणीचा एकेक पाय, म्हणजे मधून निघालेली बारीक भेग, रेझिनने भरत जाताना डोळ्यांदेखत नाहीसा होतो. हे रेझिन काचेसारखंच प्रकाश वळवतं, म्हणून भरलेली भेग दिसत नाही. शेवटी वर पातळ फिल्म ठेवून अतिनील दिव्याखाली ते कडक करतात आणि वरचं जास्तीचं पात्याने खरवडून काढतात. अर्धा-पाऊण तासाचं काम. जळगावला माझ्याकडून दुसऱ्या वेळी सहाशे रुपये घेतले. ते काम होऊन चार उन्हाळे गेले, खूण तिथेच आहे, तसूभरही हललेली नाही.

कारागीर चांगला की नाही, हे मी एकाच गोष्टीवरून ओळखतो. गाडी उन्हातून आली असेल तर तो आधी सावलीत उभी करून काच निवू देतो. रस्त्याकडेला भर उन्हात काम सुरू करणाऱ्याकडे थांबू नका. उन्हातही अतिनील किरण असतातच, त्यामुळे रेझिन टोकापर्यंत पोचण्याआधीच घट्ट होतं. घरी करायचे संच मिळतात आणि त्यातही हेच सामान असतं. गोल, बुबुळासारखी खूण असेल तर हात स्थिर असलेल्या माणसाला जमतं. पण तुमची चांदणी आहे, तिचे पाय बारीक असतात. पहिला प्रयत्न फसला की दुसरा नाही, म्हणून नव्या गाडीवर तो करू नका.

पैशांचं बोलायचं तर विमा आधी बघा. फक्त थर्ड पार्टी असेल तर काचेचे पैसे मिळत नाहीत. पूर्ण विमा असेल तर मिळतात, आणि काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कलम, नसलं तरी. पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला एक हजार आणि त्यावरच्या गाडीला दोन हजार रुपये आपल्या खिशातून जातातच. शिवाय दावा केला की पहिल्या वर्षाचा नो क्लेम बोनस, म्हणजे ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावरची २० टक्के सूट जाते, तो वाचवणारं जादा कलम घेतलेलं नसेल तर. सहाशेच्या कामासाठी दावा करण्यात काहीच हाशील नाही. काच बदलायची वेळ आलीच, तर मात्र आधी विमा कंपनीला कळवा, फोटो काढा, त्यांची पाहणी होऊ द्या आणि मगच गाडीला हात लावू द्या.

बदलायची वेळ आली तर कुठे बसवता याकडे जास्त लक्ष द्या, कारण माझी खरी चूक तिथे झाली. जिथे बसवली त्या गॅरेजचं नाव सांगत नाही. साडेआठ हजार दिले, तासाभरात काच बसवून घेतली आणि तसाच सावद्याला निघालो. पहिल्या मोठ्या पावसात वरच्या कोपऱ्यातून पाणी गळून डॅशबोर्डवर आलं. काच ज्या पॉलियुरेथेन सिलंटने चिकटवतात, ते घट्ट होईपर्यंत गाडी हलवायची नसते. किती तास, ते सिलंटवर अवलंबून असतं, म्हणून बसवणाऱ्यालाच विचारा आणि तेवढा वेळ द्या. हा प्रश्न नुसत्या गळतीचा नाही. अपघातात शेजारच्या सीटची एअरबॅग बऱ्याच गाड्यांमध्ये फुगताना समोरच्या काचेचा आधार घेते, आणि गाडी उलटली तर टपाला याच काचेचा टेकू असतो. कच्ची चिकटलेली काच अशा वेळी निघून जाते. त्या दिवशी मुलगी शेजारी बसली होती, म्हणून हे सांगताना मी आवाज चढवतो.

नवी काच घेताना कोपऱ्यातला शिक्का वाचा, त्यावर आयएसआय खूण आणि आयएस २५५३ असायला हवं. आरशामागे कॅमेरा असलेली गाडी असेल तर काच बदलल्यावर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, तो खर्च आधीच विचारून ठेवा. फास्टॅग जुन्या काचेवरून सोलला की निकामी होतो. नवा मागवून ठेवा, नाहीतर पहिल्याच टोलनाक्यावर जादा पैसे भरावे लागतात.

पुढच्या वेळेसाठी एवढंच. ताडपत्री नसलेला वाळू-खडीचा डंपर पुढे दिसला की चिकटून जाऊ नका. ताशी ऐंशीच्या वेगाने आपण सेकंदाला बावीस मीटर जातो. तीन सेकंदांचं अंतर ठेवलं तर मधे सहासष्ट मीटर राहतात, आणि उडालेली बहुतेक खडी तोवर रस्त्यावर आदळून मंदावलेली असते. रस्त्याचं काम चाललेल्या पट्ट्यात, जिथे कच पसरलेली असते, तिथे ओव्हरटेकसुद्धा टाळा.

आज नखाने आतून पाहिल्यावर काय लागलं, आणि चांदणीचा एखादा पाय नाण्याबाहेर जातोय का, ते खाली लिहा. जातोय असं दिसलं तर धुळ्याची पुढची फेरी थांबवा, उद्याच जळगाव गाठा. सकाळी आठच्या आत निघा, काच तापायच्या आधी पोचाल.