सिस्टर, आम्हाला आत का सोडलं नाही?

महामारीच्या काळात हॉस्पिटलमध्ये काय अनुभव आले, काय अजून मनात अडकून बसलंय ते विचारा असं मागच्या अंकात लिहिलं होतं, तर पत्रांचा नुसता ढीग आलाय. सगळी घेता येत नाहीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कोणाचीच छापत नाही. आणि एक आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, आयसीयूतली सिस्टर आहे, त्यामुळे औषधाचे डोस मला विचारू नका, खाटेपाशी काय चालतं ते विचारा.

प्रश्न: सिस्टर, माझी आई कोविडमध्ये बरेच दिवस आयसीयूत होती, व्हेंटिलेटरवर पण होती. देवाच्या कृपेने घरी आली, आता चालते फिरते, सगळं नीट आहे. पण ती अजून ठामपणे सांगते की तिथे रात्री तिला खाटेला बांधायचे, सलाईनमधून विष देत होते, आणि एकदा सगळ्या पेशंटना जहाजात भरून कुठेतरी नेलं होतं. आम्ही हसलो तर रडायला लागते. भाऊ म्हणतो तक्रार करूया. असं खरंच होऊ शकतं का हो?

उत्तर: जहाज आणि विष खरं नाही, पण आई खोटं बोलत नाहीयेत. त्यांना जे झालं त्याला डिलिरियम म्हणतात. वेड लागणं नव्हे ते, शरीर खूप आजारी असलं की मेंदूचा असा गोंधळ उडतो. ऑक्सिजन कमी, ताप, झोपेची औषधं, दिवसरात्र चालू असलेले लाइट, मॉनिटरचे अलार्म आणि जवळ येणारं प्रत्येक माणूस डोक्यापासून पायापर्यंत पीपीई किटमध्ये, ना चेहरा दिसतोय ना ओठ, बाईमाणूस की बाप्या तेही कळत नाही, अशात मेंदू आपल्या परीने काहीतरी अर्थ लावतो आणि तो बहुतेक वेळा भीतीचाच असतो. आणि हे स्वप्नासारखं सकाळी विरून जात नाही. खरं काय घडलं ते पेशंट विसरतात, हे मात्र घडल्यासारखं लख्ख आठवतं.

जानेवारी 2021 मध्ये लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापून आला होता, 14 देशांतले आयसीयूमधले 2088 कोविड पेशंट, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना डिलिरियम झालेला. त्यातलीच पुढची गोष्ट मी भेटेल त्याला सांगत असते. मिडाझोलामच्या गटातली झोपेची औषधं ज्यांना सतत चालू होती त्यांच्यात हे प्रमाण जास्त, आणि ज्यांना घरचं माणूस भेटत होतं, अगदी व्हिडिओ कॉलवर का होईना, त्यांच्यात कमी. म्हणजे नातेवाइकांना बाहेर ठेवलं त्याचा त्रास फक्त तुम्हाला झाला असं नाही, पेशंटलाही तो भोवला असणार. संसर्गाची भीती खरी होती, सुरुवातीला किटसुद्धा पुरत नव्हते, हे मी नाकारत नाही. पण दिवसातून एकदा कॉल लावायला एक टॅब आणि तो धरायला एक माणूस, एवढं तरी सगळीकडे जमायला हवं होतं असं माझं मत आहे, आणि ते मी आमच्या मीटिंगमध्येही बोललेय.

आता बांधण्याचं. ते खरं असू शकतं. गोंधळलेला पेशंट घशातली नळी ओढून काढतो, आणि ती निघाली तर काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं, म्हणून हाताला मऊ पट्टे लावतात. त्याची कागदावर नोंद हवी, मधून मधून सोडून हात बघायला हवेत, रंग, सूज वगैरे. तेव्हा तक्रारीआधी केस पेपरची कॉपी मागा, रेकॉर्ड मागायचा पेशंटला हक्क आहे, आणि नर्सिंगच्या नोंदी त्यात आहेत का ते मुद्दाम बघा, लोक डिस्चार्ज कार्ड घेऊन येतात आणि त्यात यातलं काहीच नसतं. पट्टे लावल्याची नोंदच नसेल तर तो प्रश्न जरूर विचारा.

घरी एवढंच करा, 'असं काही झालंच नाही' म्हणू नका. कागद समोर ठेवून आईंना सांगा की या तारखेला नळी घातली, या तारखेला काढली, मधे हे औषध चालू होतं म्हणून गुंगी होती. तारखा जुळायला लागल्या की बऱ्याच जणांना हलकं वाटतं. काही आयसीयूत तर सिस्टर आणि घरचे मिळून पेशंटची डायरीच लिहितात, याचसाठी. झोप लागत नसेल, हॉस्पिटलचं नाव काढलं तरी घाम फुटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न: मी वॉर्डात होतो, सलाईन संपायचं, बेल वाजवली तरी कोणी येत नव्हतं, तासतास. काचेपलीकडे स्टाफ बसलेला दिसायचा. इतका राग आला होता की विचारू नका.

उत्तर: राग येणारच. काचेपलीकडे दिसत होते ते बहुतेक किट न घातलेले होते, म्हणजे ते आत येऊ शकत नव्हते. आत यायचं तर गाऊन, दुहेरी ग्लोव्हज, मास्क, गॉगल, शिल्ड हे सगळं ठरलेल्या क्रमाने चढवायचं, त्याला वेळ लागतो, आणि उतरवायला त्याहून जास्त, कारण संसर्ग व्हायचा सगळ्यात जास्त धोका उतरवतानाच असतो. एकदा घातलं की शिफ्ट संपेपर्यंत पाणी नाही, बाथरूम नाही, गॉगलवर वाफ, त्यात शीर शोधायची. आणि आत असलेल्या एक-दोघींवर जितके पेशंट असायला हवेत त्याच्या कितीतरी पट असायचे, त्या गंभीर पेशंटपासून सुरुवात करतात.

पण हे कारण झालं, उत्तर नाही. सलाईन संपून राहिलं तर सहसा लगेच धोका नसतो, सुई ब्लॉक होते, पुन्हा टोचावं लागतं. पण दम लागलेला माणूस बेल वाजवतोय आणि कोणी येत नाही हे कुठल्याही काळात चालवून घेऊ नये. काही ठिकाणी वॉर्डात पेशंटना सरळ एक मोबाइल नंबर दिला होता, नक्की काय होतंय ते सांगायचं, मग आतली सिस्टर कोणाकडे आधी जायचं ते ठरवायची. साधी गोष्ट, पण फरक पडायचा.

प्रश्न: बाबांसाठी रोज संध्याकाळी फोन यायचा, 'आहे तसंच आहे, सॅच्युरेशन 95 आहे, ट्रीटमेंट चालू आहे.' आम्ही निश्चिंत. आणि एका पहाटे फोन आला की गेले. 95 असलेला माणूस असा कसा जातो? आमच्यापासून काहीतरी लपवलं असं घरात सगळ्यांना वाटतं.

उत्तर: लपवलं की नाही ते मी इथून सांगू शकत नाही, पण तुम्हाला अर्धीच माहिती मिळत होती हे नक्की. सॅच्युरेशन म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी. पण नुसत्या 95 ला काही अर्थ नसतो, पेशंट किती ऑक्सिजनवर आहे त्यावर सगळं अवलंबून असतं.

ऑक्सिजन द्यायच्या पायऱ्या असतात. पहिली नाकातल्या नळ्या, मिनिटाला साधारण 5-6 लिटरपर्यंत. मग पिशवीवाला मास्क, 10 ते 15 लिटर. मग हाय फ्लो, जाड नळी, 60 लिटरपर्यंत जातं. मग बायपॅप, तो घट्ट बसणारा मास्क, आणि शेवटी घशात नळी घालून व्हेंटिलेटर. आता 2 लिटरवर 95 असलेला माणूस बरा होतोय, आणि 60 लिटरवर 95 असलेला माणूस कड्याच्या टोकावर उभा आहे, पण फोनवर दोघांच्याही घरी 95 च सांगितलं जातं. एवढ्या प्रवाहावर असलेला पेशंट बाथरूमला जायला म्हणून मास्क काढून उठला तरी सॅच्युरेशन धाडकन खाली येतं. शिवाय कोविडमध्ये रक्तात गुठळ्या व्हायच्या, त्यातली एखादी फुफ्फुसात अडकली तर काही मिनिटांत होत्याचं नव्हतं होतं. आणि काही पेशंटना ऑक्सिजन खूप कमी असूनही दम लागल्यासारखं वाटायचंच नाही, गप्पा मारायचे, त्यामुळे तुम्ही फोनवर बोललात तेव्हा आवाज छान वाटला असेल.

ऑक्सिजनवरून आठवलं, टंचाईबद्दल पण पुष्कळांनी विचारलंय. मोठ्या जम्बो सिलेंडरमध्ये साधारण 7000 लिटर मावतो. 2 लिटरने दिला तर दोन दिवसांहून जास्त पुरेल, पण हाय फ्लोवर पूर्ण ऑक्सिजन 60 लिटरने लावला तर दोन तास सुद्धा नाही. यावरून बघा, एकेका वॉर्डात असे कितीतरी पेशंट एकदम आल्यावर पाइपलाइनचा दाब का पडायचा. नुसती हाय फ्लोची मशीन विकत आणून प्रश्न सुटत नव्हता.

पुढे कधी कोणाचं माणूस आत असेल तर फोनवर 'कसे आहेत' विचारू नका, त्याला 'आहे तसंच' हेच उत्तर येणार. विचारा की ऑक्सिजन कशाने चालू आहे, किती लिटर, कालपेक्षा वाढवला की कमी केला, तोंडाने खातायत का, लघवी होतेय का, शुद्धीत आहेत का, आणि हे वाढलं तर पुढची पायरी काय असेल. घरातून एकानेच फोन करायचा, ठरलेल्या वेळी, आणि उत्तरं वहीत लिहायची. दहा नातेवाइकांनी दहा वेळा विचारलं की फोनवरचा माणूस कंटाळतो आणि सगळ्यांनाच एका वाक्यात गुंडाळतो, हे मी पाहिलंय. तुमच्या बाबांच्या केस पेपरमध्ये ऑक्सिजनचा चार्ट असेल, तासातासाची नोंद असते, तो एखाद्या ओळखीच्या डॉक्टरांकडून समजून घ्या. संशयापेक्षा ते बरं.

प्रश्न: शेजारच्या खाटेवरच्याला रेमडेसिविर दिलं, प्लाझ्मा दिला, माझ्या नवऱ्याला दोन्ही नाही, नुसतं स्टेरॉइड. ते वाचले पण मनात राहतं की आम्ही कमी पडलो.

उत्तर: नाही हो, ताई. स्टेरॉइड म्हणजे डेक्सामेथासोन असेल तर जीव वाचवतं असं सिद्ध झालेलं पहिलं औषध तेच. जून 2020 मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचा निकाल आला, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी, ऑक्सिजनवरच्यांत एक पंचमांशाने, आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना काही फायदा नाही. त्याच चाचणीत प्लाझ्माचा, म्हणजे बऱ्या झालेल्या पेशंटच्या रक्तातल्या द्रवाचा, उपयोग दिसला नाही. रेमडेसिविर या विषाणूविरोधी औषधाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्ये वापरू नका म्हटलं, आणि मग 2022 मध्ये सौम्य आजार पण धोका जास्त अशांसाठी चालेल म्हटलं. महागडं ते भारी असं त्या वेळी सगळ्यांच्याच डोक्यात बसलं होतं. तुम्ही कमी पडला नाहीत.

प्रश्न: काकांचं शेवटचं दर्शन पण होऊ दिलं नाही. पिशवी बंद. आतमध्ये तेच होते ना, असं काकू अजून विचारतात. एवढं गरजेचं होतं का?

उत्तर: माझ्या मते नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने 24 मार्च 2020 लाच, म्हणजे महामारी जाहीर करून दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, मृतदेहाबद्दल सूचना काढल्या होत्या. त्यात होतं की घरच्यांना बघू द्यायला हरकत नाही, फक्त स्पर्श करू नये, नंतर हात नीट धुवावेत. पिशवी प्रत्येक वेळी लागतेच असंही नव्हतं. पण ठिकठिकाणचे नियम याहून कडक निघाले, लोक घाबरलेले, शवागारात माणसं नाहीत, मग सगळ्यात सोपं ते झालं, बंद करा आणि द्या. काही ठिकाणी पिशवीला चेहऱ्यापाशी पारदर्शक भाग असायचा, तेवढ्यानेही काकूंसारखा प्रश्न उरला नसता.

आता काकूंसाठी काय करता येईल, तर केस पेपरमधल्या शेवटच्या नोंदी वाचून दाखवा. मनगटाला ओळखपट्टी असते, देह पाठवताना नाव आणि नंबर ताडून रजिस्टरला सही होते, ती नोंद असते. आणि त्या पाळीला कोण सिस्टर होती ते नोंदीखालच्या सहीवरून कळतं. ती अजून तिथे असेल तर भेटा, खुशाल भेटा. खूपदा आम्हाला आठवत असतं, शेवटी पेशंट काय बोलला, कोणाचं नाव घेतलं. कोणी विचारत नाही म्हणून आम्ही सांगत नाही.

प्रश्न: तेव्हापासून वडील हॉस्पिटलची पायरी चढायला तयार नाहीत. छातीत दुखतं तरी 'गॅस असेल' म्हणतात.

उत्तर: हे वाचून मीच घाबरले. आजच दाखवा, हा अंक बाजूला ठेवा. 2020 मध्ये अनेक देशांत हार्ट अटॅकने भरती होणाऱ्यांची संख्या एकदम घसरली होती, अटॅक कमी झाले म्हणून नाही, माणसं घरी थांबली म्हणून, आणि आली तेव्हा हृदयाचा स्नायू गेलेला होता. रक्तवाहिनी बंद झाली की मिनिटामिनिटाला स्नायू मरत जातो. वडिलांना सांगा, फक्त ईसीजी काढून परत येऊ, राहायचं नाही. तेवढ्याला बरेच जण तयार होतात.

प्रश्न: दुसऱ्या लाटेत घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घरात तसाच पडून आहे. चालेल का तो परत?

उत्तर: तपासल्याशिवाय नाही. त्यात खोलीतल्या हवेतला नायट्रोजन शोषून घेणारे झिओलाइटचे खडे असतात, मशीन बंद पडून राहिलं की ते दमट होतात आणि मग सुरू केलं की आवाज येतो, हवा येते, सगळं व्यवस्थित वाटतं पण ऑक्सिजन कमी असतो. कंपनीच्या माणसाकडून प्युरिटी मोजून घ्या, साधारण 90 टक्क्यांच्या वर हवी, फिल्टर बदला, आणि नंतर मधून मधून थोडा वेळ चालवत जा. बोटाला लावून सॅच्युरेशन बघायच्या ऑक्सिमीटरचे सेल काढून ठेवलेत ना? नसतील तर गळून खराब झाले असतील. आणि तो बघताना बोट गरम हवं, नेलपॉलिश नको, आणि सावळ्या त्वचेवर तो कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो, तेव्हा आकडा चांगला पण माणूस दमलेला दिसत असेल तर माणसावर विश्वास ठेवा आणि दाखवायला न्या.