जानेवारीत सकाळी धुक्यात तलावावर ड्रोन उडवला तर चालेल का?

भाऊ, तुम्ही विचारलंय की जानेवारीत पहाटे रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर धुक्यात ड्रोन उडवायचाय, तर थंडीने बॅटरी दगा देईल का. बॅटरीची काळजी बरोबरच आहे, पण माझ्या मते आपल्याकडे खरी भीती थंडीची नाहीच, ओलीची आहे.

नागपूरचा पारा थंडीत ८-१० वर येतो, २०१८ च्या डिसेंबरात तर ३.५ पर्यंत गेला होता, पण बरेच कॅमेरा ड्रोन शून्य ते ४० डिग्रीसाठी बनवलेले असतात, त्यामुळे उडेल. फक्त लिथियम बॅटरी गार असली की आतला रेझिस्टन्स वाढतो, स्टिक एकदम दाबली की व्होल्टेज धपकन पडतं आणि अर्धी बॅटरी दिसत असताना पण वॉर्निंग वाजायला लागते. म्हणून बॅटऱ्या रात्रभर गाडीत ठेवू नका, जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, टेकऑफ केल्यावर मिनिटभर जवळच नुसता हॉवर करा, म्हणजे हवेत एका जागी थांबवा, आणि ३५-४० टक्क्यांवर परत बोलवा. बस, थंडीचं एवढंच.

आता धुकं. धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे थेंबच, आणि अशा हवेतून ड्रोन खाली आणून बघा, पंख्यांच्या पुढच्या कडेला बारीक थेंबांची रांग दिसते, लेन्सच्या रिंगवर पण. मोटरला त्याचं फारसं काही नाही, पण बॉडीच्या जाळीतून तीच दमट हवा आत सर्किट बोर्डावर जाते, गिंबलची, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागाची, पातळ वायरची पट्टी पण उघडीच असते, आणि साध्या कॅमेरा ड्रोनला वॉटरप्रूफिंग नसतं. वरून धुक्यात समोरचे सेन्सर गडबडतात, खालचे सेन्सर संथ पाण्यावर गडबडतात, म्हणजे तलावावर दोन्हीकडून अडचण, त्यामुळे पाण्याला चिकटून नेऊच नका. दव पडलेल्या गवतावरून तर उडवूच नका, पंख्याची हवा तेच पाणी उडवून आत घालते. लँडिंग पॅड नसेल तर फळी टाका.

धुक्याच्या वरून शॉट भारी येतो हे मान्य, पण ड्रोन डोळ्याला दिसत राहिला पाहिजे हा नियम आहे आणि तो बरोबरच आहे, खाली कोणी डोंग्यातून मासे धरत असेल तर तुम्हाला कसं कळणार? थोडं थांबा ना. ऊन चढलं, धुकं फाटायला लागलं की पाण्यावर नुसते पट्टे उरतात, मला तरी तीच फ्रेम सगळ्यात जास्त आवडते.

आणि हे बरेच लोक विसरतात, गार ड्रोन गरम गाडीत उघडा ठेवला की आतून पाणी सुटतं. बाहेरच कोरड्या कपड्याने पुसा, बॅटरी काढा, बॅगेत सिलिका जेलच्या ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून चेन लावा आणि घरी तासभर बॅग उघडू नका. बॅटरी पण नॉर्मल झाल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही.

नागपूर शहरातल्या फुटाळा किंवा अंबाझरी तलावाचा विचार असेल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन साइटवरचा, ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा नकाशा बघा, सोनेगावचं विमानतळ जवळ आहे.