एका दिवसात रोम होत नाही

पॅरिस, स्वित्झर्लंड आणि रोम असा दहा दिवसांचा बेत, बरोबर सासू-सासरे, आणि त्यात रोमला एक दिवस ठेवला तर पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही पुरणार. किमान चार रात्री द्या. तेवढ्या निघत नसतील तर या खेपेला रोम गाळा आणि पुढे कधीतरी नुसत्या रोमला जा. अर्धवट बघून येण्यापेक्षा ते बरं.

इतकं ठासून सांगतेय, कारण 'रोम काय, एका दिवसात होतं' हे वाक्य माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकत आलेय. आणि त्या एका दिवसात नेमकं काय होतं, ते मी बाबांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय.

बाबा सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवायचे. रोमचा विषय निघाला की फळ्यावर खडूनं कमान काढायचे. दोन्ही बाजूंनी एकेक दगड चढवत न्यायचे आणि शेवटी मधला दगड बसवून म्हणायचे, "आता खालचा आधार काढा, पडणार नाही." मी त्यांच्याच वर्गात होते. ते निवृत्त झाल्यावर दादानं आई-बाबांसाठी युरोपची ग्रुप टूर बुक केली, सोबतीला मला पाठवलं. पैसे सगळे त्याचे, आणि ते त्यानं मनापासून खर्च केले, त्याबद्दल वाद नाही. पण टूर निवडताना त्यानं एकच गोष्ट पाहिली, ती म्हणजे देश किती.

रोमच्या वाट्याला एक दिवस आला. हॉटेल शहराबाहेर हायवेलगत, त्यामुळे निम्मी सकाळ बसमध्येच गेली. कोलोसियमसमोर उतरवून टूर मॅनेजर म्हणाला, "फोटो काढून घ्या, वीस मिनिटांत बसपाशी." बाबांनी विचारलं, आत कधी जायचं? आतलं तिकीट पॅकेजमध्ये धरलेलं नाही, हे तेव्हा कळलं. माहितीपत्रकात 'कोलोसियम दर्शन' छापलं होतं, त्याचा अर्थ एवढाच होता. पुढे गर्दीतून ट्रेव्हीचं कारंजं, मग व्हॅटिकन. वार नेमका रविवार. व्हॅटिकनची म्युझियम्स महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतात, आणि मायकेलअँजेलोनं छत रंगवलेल्या सिस्टाइन चॅपेलचा रस्ता म्युझियममधूनच जातो, म्हणजे तेही बंद. तिथल्या सेंट पीटर्स या मोठ्या चर्चमध्ये शिरायची रांग चौकाला वळसा घालून उभी होती. ती बघून मॅनेजरनं बाहेरूनच पाहायचं ठरवलं. संध्याकाळी साडेसहाला पनीर आणि दाल, की पुन्हा हायवे.

घरी आल्यावर शेजारच्या काकांनी विचारलं, "मास्तर, रोम कसं वाटलं?" बाबा म्हणाले, "बाहेरून पाहिलं." पॅरिसबद्दल, बर्फाबद्दल ते भरभरून बोलले. रोमबद्दल एवढंच. दादाचं म्हणणं, "पाहिलं ना पण!"

पुढे मी स्वतःच्या पायावर नीट उभी राहिले आणि दोघांना घेऊन नुसत्या रोमला जायचं ठरवलं, जवळपास आठवडाभर. तेव्हा दादाशी जे वाजलं ते अजून पुरतं मिटलेलं नाही. "एकाच गावात आठवडा? तेवढ्या पैशात तीन देश होतात. आणि बाबांचं रोम झालंय की!"

मोंती भागात स्वयंपाकघर असलेलं लहानसं घर घेतलं, तिथून कोलोसियम चालत गाठता येतं. बाबा आत गेलेच, पण आधी बाहेरच्या भिंतीपाशीच अडले. तळमजल्यावर मूळच्या ८० कमानी होत्या. उभ्या राहिलेल्या भिंतीत, कमानींच्या वर, रोमन आकड्यांत २३ ते ५४ हे क्रमांक कोरलेले अजून दिसतात. प्रेक्षकांनी कुठल्या दारानं शिरायचं, त्यासाठीचे हे क्रमांक. बाबा मान वर करून एकेक आकडा आईला वाचून दाखवत चालले होते. लक्षात घ्या, हे बाहेरूनच दिसतं, तिकीटही लागत नाही. पहिल्या खेपेला आम्ही तिथंच उभे होतो आणि ते कुणाच्या नजरेस पडलं नव्हतं, कारण सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे आणि बसकडे.

मला खरं सांगायचंय ते सान क्लेमेंतेबद्दल. कोलोसियमपासून लातेरानोकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जेमतेम पाच-सात मिनिटांवर, बाहेरून अगदी साधं दिसणारं हे चर्च. वरचं चर्च १२व्या शतकातलं. समोरच्या अर्धघुमटात सोनेरी मोझाइक आहे, क्रूसाच्या पायथ्यातून निघालेली वेल वळणं घेत सगळा घुमट व्यापते. तिकीट काढून जिना उतरलात की खाली चौथ्या शतकातलं चर्च लागतं, भिंतींवर जुनी चित्रं आहेत. अजून एक जिना उतरलात की रोमन काळातल्या इमारती. पातळ, लांबट विटांच्या भिंती, त्यांच्यामधली अंगाला घासेल इतकी चिंचोळी गल्ली, आणि मिथ्र देवाचं ठाणं. दोन्ही बाजूंना बसायचे दगडी ओटे, मध्ये वेदी, वेदीवर बैलाला मारणारा मिथ्र कोरलेला. कुठूनतरी वाहत्या पाण्याचा आवाज सतत येत असतो. वरचं चर्च हेच मूळचं, अशी बरीच शतकं समजूत होती. १८५७ मध्ये तिथल्या मलूली नावाच्या आयरिश धर्मगुरूंनी खणायला घेतलं तेव्हा खालचं एकेक बाहेर आलं.

बाबांचे गुडघे दुखतात. कठडा धरून, पायरीपायरीवर थांबत ते खाली आले. त्या गल्लीत विटांवर तळवा ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग मला म्हणाले, "आईला बोलाव." आई वरच बाकावर बसली होती, तिला घेऊन आले. आणि बाबांनी शिकवायला सुरुवात केली. आईला, मला, वर्गात शिकवायचे तसंच, बोटानं हवेत कमान काढत. वर आल्यावर पाणी प्यायले, जरा बसले आणि म्हणाले, "परत एकदा जाऊ?" तिकीट खिडकीवरच्या बाईंना मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. त्यांनी बाबांकडे पाहिलं आणि हातानंच जा म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा ते एकटेच उतरले.

दादाला मी हेच समजावत आलेय. एखादी जागा दुसऱ्यांदा बघावीशी वाटली तर बघता यावी, त्यासाठी दिवस लागतात. पहिल्यांदा तर कोणीही कुठलीही गोष्ट पाहून येतो. सान लुइजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये कारावाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन मोठी चित्रं आहेत, १६०० च्या आसपासची. कोपऱ्यातल्या पेटीत नाणं टाकलं की त्यांच्यावर थोडा वेळ दिवा लागतो, मग विझतो. टूरचे लोक येतात, दुसऱ्या कोणाच्या तरी नाण्याच्या उजेडात फोटो घेतात आणि दिवा विझायच्या आत निघतात. आमच्याकडे खिसाभर सुटे होते आणि पुढे कुठे पोचायचं नव्हतं.

आता पैशांचं. दादाचा तीन देशांचा हिशेब मला कधीच पटलेला नाही. दर वेळी शहर बदललं की सकाळी बॅगा भरा, खोली सोडा, स्टेशन किंवा विमानतळ गाठा, नव्या हॉटेलात दुपारपर्यंत खोली मिळायची वाट बघा. अर्धा दिवस गेला आणि भाडं वेगळं. त्यामुळे दिवस मोजू नका, रात्री मोजा. फ्युमिचिनो विमानतळावरून तेर्मिनी स्टेशनला थेट ट्रेन ३२ मिनिटांत आणते खरी, पण विमानातून उतरल्यापासून खोलीत पाठ टेकेपर्यंत किती वेळ जातो ते सासू-सासऱ्यांना घेऊन निघालात की कळेल. तो दिवस रोमच्या खात्यात धरूच नका.

शिवाय वारांची भानगड आहे. रविवारचं सांगितलंच. बुधवारी सकाळी पोपची सभा असली की सेंट पीटर्स तेवढा वेळ बंद. सोमवारी बोर्गेझे गॅलरी बंद, आणि एरवीही तिथं आधी वेळ घेतल्याशिवाय सोडत नाहीत, दोन तासांची पाळी असते. बर्निनी या शिल्पकाराची डाफ्नी तिथं आहे, पुराणकथेतली झाड होत जाणारी मुलगी, बोटांची टोकं संगमरवरातच पानं होत चाललेली. ती चुकवू नका. बरीचशी चर्चेस दुपारी तीन-चार तास बंद असतात. तुमचा एकुलता एक दिवस चुकीच्या वारी पडला तर काय करणार? चार रात्री असल्या की एक दिवस कोलोसियम आणि त्याला लागूनचे फोरम-पॅलाटिनचे प्राचीन अवशेष, एक व्हॅटिकन, एक पँथिऑन हे प्राचीन मंदिर आणि त्याच्या आसपासचा जुना भाग असं सावकाश होतं. उरलेला वेळ मोकळा ठेवा, तो भरायच्या फंदात पडू नका.

तुमच्या दहा दिवसांत तीन ठिकाणं बसत नाहीत, हे स्पष्टच सांगते. पॅरिस काढा. झुरिकला उतरा, स्वित्झर्लंड करा, मिलानमार्गे ट्रेननं रोमला या आणि रोमहूनच घरी परता. आयफेल टॉवर पुढच्या वर्षीही तिथंच असणार आहे, सासऱ्यांचे गुडघे असेच राहतील याची खात्री कोण देणार?

खाण्याची काळजी करू नका. वजनावर कापून मिळणारा पिझ्झा गल्लोगल्ली आहे, त्यातल्या मारिनारा प्रकारावर चीजही नसतं. आईला दगड-विटांचं फारसं नाही, पण ज्यू वस्तीतलं अख्खं तळलेलं आर्टिचोक तिनं आवडीनं खाल्लं आणि रोज कोपऱ्यावरच्या दुकानातून भाजी आणून स्वयंपाक केला. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत, १८७४ पासूनचे, पाणी पिण्याचंच. खालच्या तोटीचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या भोकातून धार उडते, म्हाताऱ्यांना वाकावं लागत नाही. कोलोसियमची तिकिटं साधारण महिनाभर आधी काढा. त्यावर नाव असतं, पासपोर्ट जवळ असू द्या. रस्त्यांवर काळ्या दगडांची उंचसखल फरसबंदी आहे, सासूबाईंना चपला नकोत, बूटच घ्या.

जुलै-ऑगस्टमध्ये जात असाल तर दुपार घरातच काढावी लागते, तेव्हा चारच्या पाच रात्री करा. हॉटेलात प्रत्येक माणशी, प्रत्येक रात्रीचा शहराचा कर वेगळा भरावा लागतो, तोही धरा. आणि दादाची एक गोष्ट मला मान्य आहे. ज्यांना आयुष्यात एकदाच जायला मिळणार आहे त्यांना सगळं बघावंसं वाटतं, त्यात चूक नाही. सासू-सासऱ्यांना खरोखर बर्फाचीच हौस असेल आणि जुन्या इमारतींत रस नसेल तर सगळे दिवस स्वित्झर्लंडला द्या, रोमचं नाव काढू नका. पण ते त्यांना विचारा. आमच्याकडे टूर ठरताना बाबांना कोणी विचारलंच नव्हतं.

शेवटचं, आणि हे आधी करायचं काम आहे. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याचशा देशांना मिळून एकच असतो तो) अर्ज जिथं सगळ्यात जास्त मुक्काम त्या देशाकडे करायचा असतो, मुक्काम सारखाच असेल तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. म्हणजे रोमला चार रात्री आणि स्वित्झर्लंडला पाच असतील तर अर्ज स्विसकडे जाईल, उलट असेल तर इटलीकडे. रात्रींची वाटणी आज घरात बसून पक्की करा, मगच अपॉइंटमेंट घ्या.